कालक्रमदोष (तिथिगणनेतील)

नोंदी काळाच्या क्रमाने लावलेल्या नसताना त्या तशा आहेत असे गृहीत धरल्याने संगणकीय गणनेत शिरणारी चूक. ही चूक सहसा गुपचूप होते. पायथनच्या नमपाय लायब्ररीतील ‘इंटर्प’ हे फंक्शन दिलेले बिंदू चढत्या क्रमाने आहेत की नाहीत हे तपासतच नाही. क्रम बिघडलेला असला तरी उत्तर देते, आणि ते निरर्थक असते. पायथनच्याच पँडाज लायब्ररीतील ‘मर्ज-अ‍ॅसऑफ’ अशा वेळी चूक दाखवून अडून बसते, ते बरे.

भारतीय तिथींत मुळातच घोळाला जागा आहे. एक उदाहरण घेऊ. वाराणसीच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे. तेथील गणेश्वर शास्त्री द्रविड यांनी अयोध्येच्या राममंदिरातील प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त काढला : पौष शुद्ध द्वादशी, 22 जानेवारी 2024. ही तिथी पुण्यातही पौषातलीच, कारण शुद्ध पक्षाचे मासनाम दोन्हीकडे सारखे असते. वद्य पक्षात मात्र काशीचा पौर्णिमान्त महिना महाराष्ट्राच्या अमान्त महिन्यापेक्षा एका नावाने पुढे असतो. शिवजयंतीची फाल्गुन वद्य तृतीया (शके 1551) काशीच्या पद्धतीने चैत्र कृष्ण तृतीया होते. वर्ष मात्र दोन्हीकडे चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच बदलते, म्हणून काशीचा चैत्र कृष्ण पक्ष वर्षअखेरीस येतो. ‘चैत्र म्हणजे पहिला महिना, कृष्ण पक्ष आधी’ अशा नियमाने यादी लावली, तर 1630 मधील हा जन्म जवळजवळ वर्षभर मागे सरकतो!

अधिक मासाने गुंता वाढतो. 2023 मध्ये महाराष्ट्रात अधिक श्रावण (18 जुलै ते 16 ऑगस्ट) आधी आणि निज श्रावण नंतर आला. काशीत निज श्रावणाचा कृष्ण पक्ष आधी, मग पूर्ण अधिक मास, शेवटी निज शुद्ध पक्ष. नावानुसार गट पाडणारा प्रोग्रॅम हे दोन तुकडे सांधून टाकतो. क्षयतिथीला गाळलेली नोंद आणि वृद्धितिथीला दुबार नोंद समजून ‘सफाई’ करणे हा या दोषाचाच धाकटा भाऊ.

उपाय जुनाच आहे : प्रत्येक नोंदीला ज्यूलियन दिनक्रमांक देऊन त्यावरच क्रम लावावा. तिथी सूर्योदयावर ठरते आणि पुण्यापेक्षा वाराणसी सुमारे 9 अंश पूर्वेला आहे. त्यामुळे एकच तिथी दोन्ही शहरांत वेगळ्या वारी येऊ शकते. म्हणून मूळ तिथी, मासपद्धती आणि स्थळ हे रकाने कायम ठेवावेत. नुसती इंग्रजी तारीख जपणारा संग्रह संशोधनासाठी अपुरा समजावा.