चिलखती युद्धनौका

चिलखती युद्धनौका म्हणजे जाड लोखंडी किंवा पोलादी पत्र्यांचे संरक्षक आवरण असलेली व वाफेच्या इंजिनावर चालणारी युद्धनौका होय. अशा नौकांना आयर्नक्लॅड असेही म्हणतात. इ.स. १८५९ ते १८९० च्या दशकाचा प्रारंभ हा त्यांचा काळ मानला जातो. या नौकांमुळे लाकडी शिडाच्या युद्धनौकांचे युग संपले आणि आरमाराचे सामर्थ्य देशाच्या लोखंड-पोलाद उद्योगावर अवलंबून राहू लागले.

पार्श्वभूमी

लाकडी युद्धनौका भरीव तोफगोळ्यांचा मारा बराच काळ सहन करू शकत. स्फोटक गोळ्यांपुढे मात्र त्या टिकत नसत. ३० नोव्हेंबर १८५३ रोजी सिनोप येथे रशियन आरमाराने अशा गोळ्यांनी तुर्की नौकांचा ताफा जाळून नष्ट केला. पुढे क्रिमियन युद्धातच, ऑक्टोबर १८५५ मध्ये, किनबर्नच्या किल्ल्यावरील हल्ल्यात फ्रान्सने लोखंडी आवरणाचे तीन तरंगते तोफखाने वापरले. किल्ल्यावरील तोफांचा त्यांच्यावर फारसा परिणाम झाला नाही.

पहिल्या नौका

फ्रान्सची ग्ल्वार (१८५९) ही पहिली सागरगामी चिलखती युद्धनौका होय. तिचा सांगाडा लाकडी असून त्यावर सुमारे १२ सें.मी. जाडीचे लोखंडी पत्रे बसविले होते. ब्रिटनने १८६० मध्ये जलावतरण केलेल्या वॉरियर या नौकेचा सांगाडाच लोखंडी होता. तिच्या ११.४ सें.मी. जाडीच्या चिलखतामागे सागवानी लाकडाचा जाड थर होता. ही नौका आज पोर्ट्समथ येथे संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे.

हॅम्प्टन रोड्सची लढाई

अमेरिकन यादवी युद्धात ८ मार्च १८६२ रोजी दक्षिणेकडील राज्यांच्या व्हर्जिनिया या चिलखती नौकेने कंबरलँड व काँग्रेस या उत्तरेच्या दोन लाकडी युद्धनौका नष्ट केल्या. त्यांवरील दोनशेहून अधिक खलाशी मरण पावले. दुसऱ्या दिवशी जॉन एरिक्सन यांनी रचना केलेली उत्तरेची मॉनिटर ही नौका तिच्यासमोर आली. फिरत्या बुरुजात केवळ दोन तोफा असलेल्या मॉनिटरने व्हर्जिनियाशी काही तास झुंज दिली. चिलखती नौकांची परस्परांतील ही पहिली लढाई अनिर्णित राहिली; कोणतीही नौका दुसरीस बुडवू शकली नाही.

युद्धतंत्रातील बदल

तोफा चिलखत भेदू शकत नसल्याने नाळेने, म्हणजे नौकेच्या पुढील टोकाने, शत्रूला धडक देण्याचे प्राचीन तंत्र पुन्हा पुढे आले. २० जुलै १८६६ रोजी लिसा येथे ऑस्ट्रियन नौसेनापती तेगेटहॉफ यांच्या नौकेने इटलीची रे दितालिया ही नौका धडक देऊन बुडविली. त्यानंतर अनेक दशके युद्धनौकांना धडकेसाठी बळकट नाळ बसविली जात असे. तथापि, १८९३ मध्ये कवायतीच्या वेळी कँपरडाउन या नौकेच्या नाळेची धडक बसून ब्रिटनचीच व्हिक्टोरिया ही नौका बुडाली व ३५८ जण मरण पावले.

दरम्यान तोफा व चिलखत यांच्यात स्पर्धा सुरू झाली. तोफा मोठ्या होताच चिलखतही जाड होई. ब्रिटनच्या इन्फ्लेक्सिबल (१८७६) या नौकेचे चिलखत काही ठिकाणी ६१ सें.मी. जाड होते. वजन वाढल्याने दोन्ही बाजूंस तोफांच्या लांब रांगा ठेवणे अशक्य झाले आणि थोड्या पण प्रचंड तोफा बुरुजांत बसविल्या जाऊ लागल्या. डिव्हॅस्टेशन (१८७१) या सागरगामी युद्धनौकेवर शिडे नव्हतीच. या वाटचालीतून पुढे आधुनिक पोलादी युद्धनौका आकारास आली.

मुंबईशी संबंध

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांच्या देखरेखीखाली सागवानी युद्धनौका बांधल्या जात. तेथे बांधलेली एशिया (१८२४) ही १८२७ मधील नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापतींची ध्वजनौका होती. लोखंडी नौकांच्या काळात ही स्थिती पालटली. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी नेमलेल्या मॅग्डाला व ॲबिसिनिया या चिलखती नौका (१८७०) लंडनमध्ये बांधल्या गेल्या. दोन्ही १९०३ मध्ये विकण्यात आल्या.