एका धाग्याचे सोळा भाग

मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज सरकारच्या अखत्यारीत होते. त्यामुळे तिथले भरलेले रेशीम गोव्याच्या बंदराला अनोळखी नव्हते. पण ते भरतात कसे, याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. म्हणून हा लेख.

चीनमध्ये सुरुवातीला राज्य होते साखळी टाक्याचे. छांगशाजवळ मावांगदुई येथे १९७२ साली इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या एका सरदारपत्नीची कबर उघडली गेली. तिच्या रेशमी वस्त्रांवर ढगांची वळणदार नक्षी आहे, ती याच टाक्याने भरलेली. साखळी टाका मजबूत असतो. पण रंगात रंग मिसळायला तो फारसा कामाचा नाही.

तांग काळात (६१८ ते ९०७) सपाट टाका पुढे आला. एकमेकांना खेटून घातलेल्या टाक्यांनी जागा भरायची. रेशमाचा तंतू साधारण त्रिकोणी असतो, म्हणून तो चमकतो. धाग्याला पीळ दिला की ती चमक मोडते. बिनपिळाचा धागा सपाट बसवला, की टाक्याची दिशा बदलताच एकच रंग उजळ किंवा गडद भासतो.

सूचौच्या कारागिरांनी याच्याही पुढे जाऊन धागाच चिरला. भरतकामाचा एक धागा सोळा भागांत विभागता येतो. कमळाच्या पानाला जाड धागा चालतो, पण मासोळीच्या शेपटीला एखादाच भाग लागतो. मांजराची लव दाखवायची तर लांब-आखूड टाके एकमेकांत शिरवत रंग बदलत न्यायचे. हात खरखरीत असेल तर तंतू अडकतो, म्हणून या बायका हातांना फार जपतात. दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे भरतकाम तर आणखी अवघड! गाठ मारायची नाही. सुरुवातीचे बारीक टाके पुढच्या टाक्यांखाली झाकायचे. सुई सरळ उभी घालायची, नाहीतर मागचा धागा टोचला जातो.

हे सारे ज्ञान शतकानुशतके आईकडून मुलीकडे गेले. कापडे राहिली, भरणाऱ्या बहुतेकींची नावे गेली. सूचौच्या शेन शौ (१८७४-१९२१) मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात. त्यांनी भरलेले इटलीच्या राणीचे चित्र १९११ साली तूरिनच्या प्रदर्शनात गाजले. पुढे नानतोंगला १९१४ साली सुरू झालेल्या शाळेत त्या मुलींना शिकवू लागल्या. आजारपणात त्यांनी आपली विद्या सांगितली आणि उद्योजक झांग ज्यान यांनी ती उतरवून घेतली. १९१९ साली तिचे पुस्तक झाले. त्यात अठरा टाके आहेत. दोन वर्षांनी शेन शौ गेल्या.

त्यांचे मोठे काम मी ते चित्र मानत नाही, हे पुस्तक मानतो. चित्र पाहून टाका शिकता येत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो, आणि वेळेवर सांगावा लागतो.