पांजरपोळ, मुंबईची कुत्री आणि आपले पाच अतिचार



दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचायचा, अशी आमच्या मंदिरातली रीत. सातव्या दिवशी अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आले. बंध म्हणजे जिवाला बांधून-कोंडून ठेवणं, वध म्हणजे मारझोड, छेद म्हणजे अवयव कापणं, अतिभारारोपण म्हणजे न झेपणारं ओझं लादणं आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणंपिणं तोडणं. जीव घेणं यात नाही, कारण तिथे व्रतच मोडतं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या चांदीला रिक्षानं उडवलं. प्राण्यांच्या एका निवाऱ्यानं तिला नेलं, पण मागचा पाय कापावा लागला. तीन पायांची कुत्री रस्त्यावर परत सोडता येत नाही. "कुणी घर दिलं तर बरं, नाहीतर ती इथे पिंजऱ्यातच राहील," असं तिथल्या मुलीनं फोनवर सांगितलं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "त्यासाठी पांजरपोळ असते ना?" म्हणून पांजरपोळ आली कुठून, हे वाचायला बसले.

मुंबईची पांजरपोळ गाईंसाठी आहे, असंच मी समजत होते. पण तिच्या जन्माशी भटक्या कुत्र्यांचा जवळचा संबंध आहे. त्या काळी उन्हाळ्यात ठरावीक दिवस भटकी कुत्री मारायची सरकारी परवानगी असे. १८३२ साली ती मुदत वाढवली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. पैशाच्या लोभानं शिपाई घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मान आहे, त्यामुळे ६ जूनला कोटात पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. या विरोधात हिंदू आणि जैनही होते. गोऱ्या सैनिकांचं अन्नपाणी अडवलं गेलं आणि शेवटी लष्कर आणावं लागलं. त्यानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची, असा तोडगा निघाला.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे मोतीशा, यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वरला पांजरपोळ उभी केली. एक पारशी, एक जैन, आणि दोघे व्यापारातले भागीदार. माझं शिक्षण कॉमर्सचं, म्हणून हिशेबाची दुसरी बाजूही लिहिते: दोघांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा पैसाही होता. त्यानं पांजरपोळीचं मोल कमी होत नाही, पण लपवायचं कशाला?

तो तोडगा मात्र टिकला नाही. मुंबईची महापालिका १९९४ पर्यंत भटकी कुत्री मारत होती. मग निर्बीजीकरण आलं, आणि २००१ मध्ये देशभरासाठी नियम झाले: पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस द्या, ओळखीसाठी कानाला खाच पाडा आणि त्याच जागी सोडा. २०२३ चे नवे नियमही तेच सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीची कुत्री निवाऱ्यात ठेवा म्हटलं आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलला.

हे वाचताना मला ते अतिचार पुन्हा आठवले. मारणं थांबलं, पण पिंजरा म्हणजे बंध, आणि शस्त्रक्रिया म्हणजे छेद. मग आपण काहीच करू नये का? तसं मला वाटत नाही. पिल्लं गाडीखाली मरतात आणि कुत्रा चावलेल्या मुलाची आईही आपल्याच शेजारी राहते. निर्बीजीकरणाला माझा विरोध नाही. फक्त ते "पुण्य" म्हणून मिरवू नये. प्रतिक्रमणात त्याचीही आठवण ठेवावी.

बंध मात्र आपल्या हातात आहे. मोतीशांनी जीव वाचवायला जागा दिली. त्या काळी तेवढंच मोठं होतं. आज निवाऱ्याला देणगी देऊन आपण मोकळे होतो आणि जीव जाळीआड उरतो. देणगीचा चेक लिहिताना यंदा किती कुत्र्यांना घर मिळालं, हेही विचारायला हवं.

माझी अडचण स्वयंपाकघराची होती. जैन घरात कुत्रा म्हटलं की आधी मांसाचा प्रश्न येतो. निवाऱ्यातल्या डॉक्टरांना विचारलं. नीट आखून दिलं तर शाकाहारावर कुत्रा राहू शकतो, मात्र मनाला येईल ते घालायचं नाही आणि तपासणी चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं.

चांदी क्षमावाणीच्या दिवशी घरी आली. आमचे हे म्हणाले, "महिनाभर बघू." आज तिसरा महिना आहे. मी सामायिकाला बसले की ती दाराशी येऊन पडते. तिच्या गळ्यात पट्टा आहे, पण दिवसभर तिला बांधत नाही.

उत्तम क्षमा.