अनुदान कुणाचे, उपकार कुणावर?

२०१६ साली रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापलेली असे : प्रवासाच्या सरासरी खर्चापैकी केवळ ५७ टक्केच वसूल होतात. म्हणजे उरलेला उपकार! रस्त्यावर अशी पाटी मी कधी पाहिली नाही.

इतिहास काय सांगतो? १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी मिळाली. नफा कमी पडला की तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. लंडनच्या भांडवलदाराला मिळाली ती ‘हमी’. आमच्या माणसाला मिळते ते मात्र ‘अनुदान’!

ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर रेल्वेने चाळीसगावला उतरले. पुढे रस्ता होता, टांगे होते. पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेऊन आपल्यातल्याच एका नवख्याने तो हाकला. वाटेत बाबासाहेब फेकले गेले, पायाचे हाड मोडले. रेल्वेत भेदाभेद नव्हता असे नाही. पण तिकीट घेतलेल्याला गाडी नाकारता येत नव्हती. रस्ता सरकारी असला, तरी वाहन मालकाचे असते.

माझ्या घरात कॉलेज पाहणारा मी पहिला, तोही पॅसेंजरच्या पासवर. रस्ते नकोत, असे माझे म्हणणे नाही, एस.टी. त्यावरूनच वस्तीपर्यंत येते. पण हिशेब मांडायचाच, तर दोन्हींचा मांडा. आणि ज्याच्या दारात वाहन नाही, त्याच्यापासून सुरुवात करा.