दक्षिण कोरियातील ई-शासन आणि एका ब्राउझरची सक्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
शासकीय सेवा ऑनलाईन झाल्या म्हणजे त्या सर्वांना समानतेने उपलब्ध झाल्या, असे मानले जाते. दक्षिण कोरियाचा अनुभव या गृहीतकाला छेद देतो. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१९९० च्या दशकात अमेरिकी निर्यात-निर्बंधांमुळे परदेशांत मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये सामान्यतः ४० बिटचेच एन्क्रिप्शन असे. म्हणून कोरियाने १९९८ मध्ये 'सीड' ही १२८ बिटची स्वदेशी पद्धती विकसित केली. १९९९ मध्ये डिजिटल स्वाक्षरी कायद्याने शासनमान्य प्रमाणपत्रांची व्यवस्था उभी राहिली. तथापि ब्राउझरमध्ये 'सीड'ची सोय नव्हती. ही उणीव प्रामुख्याने 'अॅक्टिव्हएक्स' या पूरक प्रणालीने भरून काढण्यात आली व ती मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररवरच चालत असे.

परिणाम :
मॅकिंटॉश किंवा लिनक्स वापरणाऱ्या नागरिकांना अनेक शासकीय व बँक सेवा दुरापास्त झाल्या. २००० मध्ये अमेरिकी निर्बंध शिथिल झाले. मूळ कारण संपले, सक्ती मात्र टिकली. कोरिया विद्यापीठातील विधी विषयाचे प्राध्यापक किम की-चांग यांनी न्यायालयात दाद मागितली, परंतु त्यांना यश आले नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आल्यावर खुद्द मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्रणालीवरही अनेक सेवा अडखळल्या. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कायदादुरुस्तीने शासनमान्य प्रमाणपत्रांचे विशेष स्थान संपुष्टात आले.

निष्कर्ष :
परकीय निर्बंधातून सुटण्यासाठी योजलेल्या उपायाने देशाला एका परकीय कंपनीच्या ब्राउझरशी बांधून टाकले. म्हणून कायद्याने सुरक्षिततेची पातळी ठरवावी. साधनाची निवड नागरिकावर सोपवावी. शासनाच्या दारात प्रवेश मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. तो त्याच्या संगणकाच्या बनावटीवर अवलंबून असता कामा नये.