६ मार्च १९६७ : स्टालिनच्या लेकीने दिल्लीत आश्रय मागितला

दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीत त्या दिवशी संध्याकाळी एक रशियन बाई सूटकेस घेऊन शिरली. आपण स्टालिनची मुलगी आहोत, असे तिने सांगितले. तेथील अधिकाऱ्यांना ते चटकन खरे वाटले नाही, यात नवल नाही.

स्वेतलाना अलिलुयेवाचा जन्म १९२६चा. बाप लाडाने तिला ‘चिमणी’ म्हणे. ती सहा वर्षांची असताना आईने स्वतःवर गोळी झाडून घेतली. मुलीला मात्र आजाराने गेल्याचे सांगण्यात आले. खरे कारण तिला बऱ्याच वर्षांनी, तेही एका इंग्रजी नियतकालिकातून कळले. काही नातेवाईक तुरुंगात गेले. सोळाव्या वर्षी तिचा जीव जडला तो पटकथाकार कापलरवर. त्याची रवानगी छळछावणीत झाली. बापाच्या मृत्यूनंतर तिने आईचे आडनाव लावले.

भारतात ती आली होती कालाकांकरच्या ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन. या भारतीय कम्युनिस्टाशी लग्न करायला सोव्हिएत सरकारने तिला परवानगी दिली नव्हती. मुक्काम वाढवून मिळेना, तेव्हा तिने वकिलातीची वाट धरली. मॉस्कोत दोन मुले मागे राहिली.

२२ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये ८५व्या वर्षी तिचे निधन झाले.