किसिलोवाचे प्रेत

१८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीने जगभर पोचवलेले रक्तपिपासू पिशाच त्याआधी पावणेदोनशे वर्षे एका सरकारी अहवालात नोंदले गेले होते. १७२५ साली उत्तर सर्बियावर ऑस्ट्रियाचा अंमल होता. तेथील किसिलोवा गावी पेटर ब्लागोयेविच वारला. त्यानंतर काही आठवड्यांनी, आठच दिवसांत गावातले नऊ जण दगावले. पेटर रात्री येऊन गळा दाबतो, असे ते मरताना सांगत. वरून परवानगी येईतो थांबा, असे अधिकारी म्हणाला. गाव सोडून जाऊ, असे गावकऱ्यांनी बजावले. थडगे उकरले. दाढी वाढलेली, जुनी कातडी व नखे गळून खाली नवी आलेली, तोंडात ताजे रक्त! छातीत सूळ ठोकून प्रेत जाळण्यात आले.

गावकरी खोटे बोलत नव्हते. थंड मातीत प्रेत सावकाश कुजते. त्वचेचा वरचा पापुद्रा नखांसकट सुटतो व आतला लालसर थर उघडा पडतो. त्वचा आक्रसल्याने दाढीचे खुंट लांब दिसतात. आतड्यांतील जिवाणूंमुळे वायू साठतो आणि त्याच्या दाबाने काळपट लाल द्रव तोंडावाटे बाहेर येतो. यातले निरीक्षण कोणते व अनुमान कोणते, हे विद्यार्थ्यांना वेगळे करायला सांगावे. साथीचे रोग जंतूंमुळे पसरतात हे तेव्हा व्हिएन्नाच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते, मग खेड्याला काय दोष द्यायचा?

१७५५ साली मोरावियात असेच प्रेत उकरून जाळले गेले. तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपले वैद्य व्हान स्वीटेन यांचे मत मागवले. प्रेत न कुजण्यास नैसर्गिक कारणे असतात, असे त्यांनी लिहिले. सरकारी परवानगीवाचून थडगी उकरण्यास त्याच वर्षी बंदी झाली.